दोर पुरेल इतकाच मजला

प्रिय बाओ-चू,

पार्सल उघडून आधी हसली असशील. हस पोटभर. ही बांबूची जुनी टोपली टपालाने तुला ताइनानपर्यंत का पाठवली ते सांगते, पण शेवटी. आधी घरच्या बातम्या. फोनवरच सांगितल्या असत्या, पण इमारतीचा विषय निघाला की तुझी चुलीवरची भाजी करपते आणि तू फोन ठेवतेस. गेल्या वर्षभरात तुझी इतकी भाजी करपली आहे की तुझा लेक रोज उपाशीच कामावर जात असेल. पत्राला ती भीती नाही. भाजी उतरवून ठेव, चष्मा लाव आणि वाच.

तर आपल्या इमारतीचं घोडं अजून तिथंच अडलंय. इमारत पाडून नवी बांधायच्या कागदावर आठातल्या सहा घरांनी आपल्या नावाचे शिक्के मारले. राहिलो होतो आपण दोघी, सगळ्यात वरची मी आणि कंबर मोडली म्हणून दुकान बंद करून लेकाकडे गेलेली सगळ्यात खालची तू. बिल्डरकडून ती फांग नावाची मुलगी येते ना, ती म्हणते की रुळालगतच्या प्रत्येक गल्लीत हेच असतं. मधल्या मजल्यांवरचे लगेच तयार होतात, कारण त्यांचं जाणार काहीच नसतं आणि लिफ्ट मिळणार असते. अडून बसतात ते गच्चीवाले आणि दुकानवाले. आता आठच्या आठ शिक्के नव्या वर्षाच्या आत पडले नाहीत, तर स्थानकाजवळ म्हणून जादा मजल्यांची जी सवलत मिळते आहे ती जाईल आणि बिल्डर पुढच्या गल्लीत जाईल. मग आपली ही चार मजली इमारत अशीच राहणार, ओल आलेल्या भिंतींसकट आणि त्या उभ्या जिन्यासकट.

स्थानकाच्या अंगाला तर तू गल्ली ओळखायची नाहीस. तामसुईकडे जाणाऱ्या रुळाला धरून दोन्ही बाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्या. माझ्या गच्चीवरून आधी अख्खा ग्वानयिन डोंगर आडवा झोपलेला दिसायचा, आता त्याचं नाक तेवढं दिसतं. दोडक्याच्या वेलाला ऊन दुपारनंतर मिळतं. मी सुरुवातीला फार चिडले होते. गुरुजींना म्हटलं, "ही माणसं आहेत की मधमाश्या? एकावर एक किती राहायचं?" तर ते म्हणाले, "युए-शिया, तू स्वतः चाळीस वर्षं तीन घरांच्या डोक्यावर राहते आहेस." ग्वो गुरुजी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत नाहीत, पण जीभ त्यांची अजून सगळे जिने उतरते.

फांग मात्र गुणी आहे. दर वेळी पेरू घेऊन येते आणि चौथ्या मजल्यावर पोचेस्तोवर तिची जीभ बाहेर आलेली असते. मी म्हणते, "ये बाळ, सोळा मजले बांधायला निघालीस आणि चारांतच दमलीस?" ती बिचारी हसते, पाणी पिते आणि नकाशे उलगडते. मी नकाशे बाजूला सारून तिला गच्चीवर नेते आणि आमच्या ह्यांची, थ्येन-शेंगची पत्र्याची खोली दाखवते. तुला आठवतं ना, ती खोली बांधताना आमचे हे पत्रे खांद्यावर घेऊन जिना चढत होते आणि तू खालून ओरडत होतीस, "भाऊजी, एवढं वर चढवण्यापेक्षा बायकोलाच खाली आणा!" खोली बेकायदा हे सगळ्या गल्लीला ठाऊक, पण पावसात त्या पत्र्याखाली बसून त्यांनी चहा प्यायला, शेवटच्या आजारातही तिथंच पडून राहिले. ती खोली पाडायच्या कागदावर मी माझ्या हाताने शिक्का मारायचा? मी फांगला दर वेळी पातीच्या कांद्याची जुडी देऊन परत पाठवायची.

माझं मन पालटलं ते मध्य-शरदाच्या सणाच्या रात्री. दर वर्षीप्रमाणे सगळ्यांनी गल्लीत शेगड्या मांडल्या, तुझ्या बंद शटरसमोरच. धुराचा वास वरपर्यंत आला. पण माझा उजवा गुडघा आता उतरताना इतका दुखतो की मी आठवड्यात एकदाच खाली जाते आणि ती फेरी दवाखान्याला लागते. म्हणून मी खिडकीतून दोराने ही टोपली खाली सोडली. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने तीत भाजलेलं मांस, मक्याचं कणीस, पपनसाच्या दोन फोडी असं सगळं प्रेमाने भरलं. मी ओढून घेतली आणि खिडकीत बसून एकटीच खायला लागले. खाली पाहिलं तर गुरुजींच्या खिडकीतूनही एक पिशवी सुतळीला लोंबत होती. पोरं खाली पपनसाच्या सालीच्या टोप्या घालून नाचत होती आणि आम्ही दोन म्हातारी माणसं वरून त्यांच्या टाळूकडे बघत जेवत होतो. बाओ-चू, मी कणीस तसंच खाली ठेवलं. गच्ची मी राखली, पण गल्ली माझ्या हातून गेली होती. आणि गल्ली म्हणजे तरी काय, तर तुझं दुकानच ना?

तुला आठवतं हा दोर कधी बांधला ते? माझी थोरली झाली तेव्हा. बाळंतिणीने महिनाभर जिना उतरायचा नाही म्हणून सासूबाईंनी दारात खुर्ची टाकली होती. आलं आणि तिळाच्या तेलात शिजवलेली कोंबडी खाऊन खाऊन माझं तोंड विटलं होतं. तेव्हा तू खाली नुकतंच न्याहारीचं दुकान मांडलं होतंस, आपली धड ओळखही नव्हती. तू खालून हाक मारलीस, "ए वरची! दोर सोड!" मी कपडे वाळत घालायचा दोर काढून या टोपलीला बांधला. मी तो सोडला आणि वर आली गरम अंड्याची पोळी आणि सोयाबीनचं दूध. सासूबाईंना वासावरून कळलं, पण अर्धी पोळी त्यांनीच खाल्ली म्हणून त्या गप्प राहिल्या. त्या दिवसापासून मी तुझी वरची आणि तू माझी खालची. मी टोपलीतून पातीचा कांदा खाली सोडायचा, तू तोच पोळीत घालून वर पाठवायचा. आणि वादळाच्या त्या दिवशी, सगळं बंद, तुझं शटरही अर्धं खाली, वाऱ्याने टोपली भिंतीवर आपटत होती, तेव्हाही तू एक संत्रं टाकून दोर दोनदा ओढलास. इतक्या वर्षांत तू माझी टोपली एकदाही रिकामी वर पाठवली नाहीस.

मध्य-शरदानंतर फांग आली तेव्हा मी तिला देव्हाऱ्यासमोर बसवलं. म्हटलं, मी आधी नवऱ्याला विचारते. उदबत्ती लावली, कौल लावायच्या लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी हातात घेतल्या आणि विचारलं, "तुमची खोली पाडू देऊ का?" टाकल्या तर दोन्ही उताण्या. म्हणजे हसले. पुन्हा विचारलं, पुन्हा हसले. तिसऱ्यांदाही तेच. जिवंतपणी तरी या माणसाने मला सरळ उत्तर कधी दिलं होतं? मी चंद्रकोरी आपटणारच होते, तेवढ्यात फांग हळूच म्हणाली, "आजी, माझी आजी सांगायची, पितर हसले की प्रश्न चुकला समजायचं. आजोबांना खोलीची पडलेली नसेल. तुम्हाला काय हवंय ते विचारा ना." मी चंद्रकोरी पुन्हा ओंजळीत घेतल्या. मग विचारलं, "बाओ-चूचं दुकान परत उघडलं आणि मी तिच्या डोक्यावर राहायला गेले, तर तुम्ही माझ्यासोबत याल का?" एक उताणी, एक पालथी. हो. पुन्हा हो. तिसऱ्यांदाही हो. मी रडले, फांगही रडली, आणि मग आम्ही दोघींनी तिचेच पेरू कापून खाल्ले.

त्यानंतर मी तिला माझी अट सांगितली. खाली संगमरवरी दिवाणखाना करा, रखवालदार बसवा, काय हवं ते करा. पण गल्लीच्या बाजूला शटरचं एक दुकान हवं, तव्याचा धूर जायला धुराडं हवं, आणि ते दुकान बाओ-चूच्या नावावर हवं. नाहीतर माझा शिक्का डब्यातच राहील. आर्किटेक्ट नाही म्हणाला, साहेब नाही म्हणाले, मी पातीचा कांदा देत राहिले. शेवटी मागच्या आठवड्यात नवा नकाशा आला. त्यात दुकान आहे. लहान आहे, पण तवा, वाफेवर उकडायच्या त्या बांबूच्या टोपल्या आणि तुझी खुर्ची मावेल. दुसऱ्या मजल्यावरची सून म्हणते, "मावशींनी नुसतं बसून शिव्या दिल्या तरी चालेल, तवा मी सांभाळते." तुझ्या मोडलेल्या कमरेला याहून चांगली नोकरी मिळायची नाही.

तुला वाटतं की उंच इमारतीत तुझी न्याहारी कोण खाणार. मी सरळ हिशेब सांगते. आज इमारतीत आठ घरं आहेत, नव्या इमारतीत साठ होतील. म्हणजे साठ घरची माणसं सकाळी डोळे चोळत स्थानकाकडे धावणार आणि त्यांतल्या एकालाही घरी चूल पेटवायला वेळ नसणार. मधमाश्या म्हणाले होते ना मी, तर मधमाश्यांनाही खायला लागतंच.

आता माझ्या घराचं. गच्ची सोडणाऱ्याला सगळ्यात वरचा मजला मागायचा हक्क आहे. सगळे म्हणाले, सोळावा घ्या, नदी दिसेल, समुद्र दिसेल, अख्खा डोंगर परत मिळेल. मी चौथा मागितला. फांगला वाटलं मी चुकून बोलले, कारण चार आकडा अशुभ म्हणून तो मजला कुणी घेत नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं चौथ्यावरच राहिले, सवय आहे. गुडघ्यासाठी लिफ्ट आहे, गुरुजीही रोज खाली येऊन तुझं डोकं खातील. पण पहाटे केस विंचरायच्या आधी मला लिफ्टने उतरायचं नाही. दुकानाच्या बरोबर वरची, गल्लीकडची खिडकी मी घेतली आहे. सोळाव्यावरून दोर पुरला नसता गं.

म्हणून ही टोपली. तळाशी संमतीचा कागद आहे, त्यावर माझा शिक्का पडलाय, शेजारची जागा तुझी. बांधकाम होईतो मी इथंच गल्लीत भाड्याने राहणार आहे. मनात असेल तर शिक्का मारून टोपली परत पाठव. नसेल तर जबरदस्ती नाही, आपली जुनी इमारत तशीच राहील आणि मी तुझ्यावर रागावणार नाही. मग एक संत्रं टाक, मला कळेल. दोर मी काढून खिडकीशी ठेवला आहे. फक्त टोपली रिकामी पाठवू नकोस, ती सवय तुला नाही.

तुझीच,
वरची