अकरा बेचाळीसची नोंद

बीड, रविवार

प्रिय नंदिनी,

अडीच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज अब्बांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात पंपांच्या उघड्या मोटारींच्या मधे स्टूल टाकून बसले आहे. घरी लिहिलं असतं तर अम्मीनं विचारलं असतं, कुणाला लिहितेस. दुकान रविवारी बंद असतं. अब्बांनी शटर अर्धं खाली ओढून दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. तुझा नंबर आहे माझ्याकडे. फोनवर चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं, म्हणून कागद घेतला.

आधी इकडचं सांगते. अस्मा भाभीला मुलगी झाली, तिचे डोळे अगदी जाकीरभाईसारखे आहेत. जाकीरभाई अजून उत्तरेश्वर सरांच्या क्लासच्या बसवर ड्रायव्हर आहे. एकाच माणसानं आपल्या दोन्ही लेकरांना कामाला लावलं म्हणून अम्मी दर जुम्म्याला सरांसाठी दुआ मागते. मी खाली मान घालून ऐकते. क्लासच्या ऑफिसात तुझ्या जागेजवळच्या खिडकीला जाळी बसवली आहे. फोन सकाळी गेटवर जमा करायचे आणि सुटताना घ्यायचे. माझी डिग्री आणि सगळ्या मार्कलिस्ट अजून सरांच्या कपाटात आहेत. मागितल्या की ते म्हणतात, सुरक्षित हायत की, तुला कावून पाहिजेत? मागच्या वर्षी परभणीच्या एका कॉलेजात लॅबची जागा निघाली होती. मुलाखतीला मूळ कागद लागत होते. मी गेलेच नाही, आणि गेले नाही हेही घरी सांगितलं नाही. जाकीरभाईची बस रोज सकाळी आमच्या दारावरून जाते. तिचा हॉर्न ऐकला की मी चप्पल घालते.

पंधरा दिवसांपूर्वी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. नवीन सर्व्हर आला होता. त्यावर गिट बसवायचं, पण तयार मिळतं ते नको, मूळ कोडवरून आपण स्वतः बांधायचं. तुला हे सांगायची गरज नाही, पण अब्बांना समजावलं तसंच लिहिते. प्रोग्राममधली कोणती ओळ कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलली, हे सगळं गिट जपून ठेवतं. ते मूळ कोडवरून बांधताना कोणता भाग घ्यायचा आणि कोणता गाळायचा हे आधीच ठरवावं लागतं. एकदा बांधून झाल्यावर गाळलेला भाग चिकटवता येत नाही, परत पहिल्यापासून बांधावं लागतं. सरांना कुणीतरी सांगितलं होतं की इंटरनेटवरून दुसऱ्या मशीनशी बोलणारा भाग काढून टाकता येतो. ते म्हणाले, "ह्या खोलीतून एक ओळ भायेर जाता कामा न्हाई. आन् जुनं काईच आणायचं न्हाई. नव्या मशीनवर नवी सुरुवात."

मी मान हलवली. मान हलवायची मला सवय झाली आहे.

चार दिवस तेच काम केलं. खोलीत इंटरनेट नाही, त्यामुळे एकेक फाइल सरांच्या समोर सीडीवरून घ्यावी लागायची. पहिल्यांदा बांधायला गेले तर एक लायब्ररी सापडेना, तिच्यात दोन दिवस गेले. मग पर्यायांच्या फाइलमध्ये सर सांगतील तसं लिहीत गेले. त्या फाइलमध्ये एखादा भाग नको असेल तर त्याच्या नावापुढे लिहायचं असतं येस प्लीज. नेटवर्क नको, येस प्लीज. भाषांतरं नकोत, येस प्लीज. स्क्रीनवर माउसनं चालवायच्या खिडक्यांची साधनं नकोत, येस प्लीज. हे बघून तू पोट धरून हसली असतीस. सर माझ्या खांद्यामागे उभे होते, म्हणून मी हसले नाही. नंदिनी, मागे कुणी उभं राहून ओळ सांगतंय आणि आपण ती टाइप करतोय, हे मला नवीन नव्हतं.

बांधून झालं. सरांनी बाहेरच्या एका पत्त्याला जोडून बघायला लावलं. अशी आज्ञाच नाही असं उत्तर स्क्रीनवर आलं आणि सर खूश झाले. त्यांनी मला पेढा दिला. सगळ्या जुन्या नोंदी असलेलं मशीन येत्या सोमवारी, म्हणजे उद्या, पुसायचं ठरलं.

त्याच दुपारी टपाल फायलीला लावताना मला तुझ्या वकिलांची नोटीस दिसली, सर्व्हर यायच्या आधीच सरांनी उघडलेली. तू अब्रूनुकसानीचा दावा केला आहेस, बारा तारखेला बीडच्या कोर्टात तारीख आहे आणि वकिलांनी तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या आठवड्यातल्या सगळ्या बदलांची नोंद मागितली आहे, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. सरांना नवी सुरुवात कशासाठी पाहिजे होती, तेही कळलं. तुझी आधीची तिन्ही पत्रं मीच उघडली होती. अनुभवाचा दाखला तरी द्या, दुसरीकडे कुणी उभं करत नाही, असं तू लिहिलं होतंस. आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही, हे उत्तर सरांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. तिन्ही वेळा मीच.

पाली गावची शिवकन्या तुला आठवत असेलच. क्लासच्या गुणवंत परीक्षेत निवड यादीतल्या शेवटच्या जागेसाठी ती आणि विजयसिंह नावाचा मुलगा बरोबरीत होते. मार्क सारखे असले तर गणितात ज्याचे जास्त तो वर, असा नियम निकालाच्या प्रोग्राममध्ये आपण दोघींनीच लिहिला होता. तो बदलून ज्याचा फॉर्म आधी आला तो वर असं झालं, आणि शिवकन्या यादीच्या बाहेर गेली. तिचे वडील बद्रीनाथ नियमांचं छापील पुस्तक घेऊन ऑफिसात आले होते. ते ओरडले नाहीत. पुस्तकाचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "एवढंच वाचून दाखवा मला." सरांनी त्यांना स्क्रीन दाखवली. बदलावर नाव होतं राजनंदिनी, म्हणजे तुझंच. तू त्या मुलाच्या घरच्यांना सामील झालीस आणि रजेवर असताना चौसाळ्याहून लॅपटॉपवरून बदल केलास, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी प्रिंटरमध्ये कागद भरत होते. प्रिंटरमध्ये कागद होते, नंदिनी.

शिवकन्या मला गेल्या महिन्यात स्टँडवर दिसली. तिनं मला ओळखलं नाही. मी खांबाच्या आड गेले आणि माझी रिक्षा निघून गेली.

परवा हे सगळं मी अब्बांना सांगितलं. जाकीरभाईची नोकरी जाईल, माझे कागद मिळणार नाहीत, अम्मी बोलायची बंद होईल, सगळं एका दमात सांगून टाकलं. अब्बा हातातली तार गुंडाळत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "उस पोरीकू बोली क्या तू?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, जाकीर माझा लेक हाय, त्याला मी सांगतो, तू तुझं काम कर. काल त्यांनी जाकीरभाईला सांगितलं. भाई कालपासून माझ्याशी बोललेला नाही. त्याची मुलगी मात्र माझ्याच मांडीवर झोपते.

आता ऐक, मी हे का लिहितेय. सरांना वाटतंय जुनं मशीन पुसलं की संपलं. पण गिटची प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सगळा इतिहास असतो. लग्नाहून आल्यावर तू तुझ्या लॅपटॉपवर नवीन बदल उतरवून घेतले होतेस, आणि घोळ पहिल्यांदा तुलाच दिसला होता. नोंदीवर आपलं नाव आहे म्हणून तू ती परत उघडली नसशील. उघडू नकोस, लॅपटॉप तसाच वकिलांकडे दे. बदल सकाळी अकरा बेचाळीसचा आहे. त्या वेळी तू चौसाळ्याच्या मांडवात बहिणीच्या मागं उभी होतीस, चारशे माणसांसमोर. नाव तुझं आहे, पण ऑफिसच्या मशीनवर तू ईमेल कधी भरलाच नव्हतास. तो नसला की गिट त्या जागी स्वतःहून मशीनचं नाव लावतं. त्या ओळीत तुझ्या लॅपटॉपचं नाव नाही, ऑफिसातल्या खिडकीजवळच्या तुझ्या मशीनचं आहे. त्या सकाळी त्या खुर्चीवर मी बसले होते. सर मागे उभे होते, त्यांनी दोन ओळी सांगितल्या आणि मी टाइप केल्या. कशासाठी ते मी विचारलं नाही, आणि कळल्यावरही बोलले नाही. हे सगळं तारखेसह लिहून, सही करून या पाकिटात घातलं आहे. त्याखाली साक्षीदार म्हणून अब्बांची सही आहे. उद्या सकाळी पाकीट रजिस्टर पोस्टानं टाकते आणि मग ऑफिसला जाते. मशीन पुसायला सर मलाच सांगतील. मी नाही म्हणणार आहे. तिथं कुणाला नाही म्हणायची माझी ही पहिली वेळ. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. बारा तारखेला तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, दुसऱ्या बाकावर बस. माझं नाव पुकारलं की मी उभी राहीन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क तू ठेवला असशील तर तुझीच,
शाहीन