अडतीस डोकी

प्रिय आई,

तुला आणि बाबांना जय भीम. पानांचे फोटो बाबांच्या फोनवर पाठवतेय. चष्मा लावून, खुर्चीत बसून वाच. भाजी फोडणीला टाकून एका डोळ्यानं वाचू नकोस. फोनवर हे जमलं नसतं. मी तोंड उघडायच्या आत तू जेवलीस का विचारतेस, मी हो म्हणते, आणि मग बाबा फोन ओढून गुडघ्याचं पुराण लावतात.

आधी सांगून टाकते, मी ठणठणीत आहे. कालची सहल पार पडली आणि आमची बावीसच्या बावीस चिल्लीपिल्ली आपापल्या आयांच्या कडेवर बसून घरी गेली. हुश्श! काल संध्याकाळपासून मी किती वेळा हुश्श केलं असेल, याला गणती नाही.

पण मला मुद्दाम लिहायचंय ते तुझ्या सहलीबद्दल. परवा फोनवर तू अगदी सहज बोलल्यासारखं बोललीस. हेडमास्तर हरिओम सर म्हणतात, बाई, मे महिन्यात तुम्ही रिटायर होणार, शाळेची यंदाची सहल तुम्हीच न्या, लोणारलाच न्या. आणि तू त्यांना नाही म्हणणार आहेस. मले मोजता येत नाही बापा, मी कायले जाऊ, असं म्हणून तू हसलीसही. तुझं ते हसणं माझ्या घशाखाली उतरेना. सोमवारी त्यांना कळवायचंय म्हणालीस. आज शनिवार. म्हणून सकाळीच कागद घेऊन बसलेय.

आमच्या सहलीचं ऐक. तुला माहीतच आहे, श्रीलंकेतल्या या गावातली ही बालवाडी नंदा मिस चालवतात आणि मी त्यांच्या हाताखालची फुकटची मदतनीस. पोरं चार-पाच वर्षांची. मला अक्का म्हणतात आणि माझ्या तोडक्यामोडक्या सिंहलीला खो खो हसतात. त्यांना समुद्रकाठी न्यायचं होतं. तिथे कासवांची अंडी जपतात आणि पिल्लं मोठी होईपर्यंत सिमेंटच्या टाक्यांत ठेवतात. नंदा मिसनी सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या होत्या. म्हणजे मोजायला सोपं. पोरं सतरा दिशांना पळतात, पण पिवळी टोपी लांबून दिसते. दिवसभर आम्ही दोघी टोप्याच मोजत होतो. चढताना बावीस, उतरताना बावीस, डबे खाताना बावीस.

परत निघताना नंदा मिसनी बसमध्ये मोजलं, बावीस. मी मोजलं, बावीस. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. आता माझी खोड तुला माहीत नाही. मी नुसत्या आकड्यावर जात नाही. एकेकाच्या नाकाला बोट लावून नाव विचारते. नंदा मिस त्यावरून मला चिडवतात. शेवटून दुसऱ्या सीटवरची एक पोर काही केल्या नाव सांगेना. टोपी पार हनुवटीपर्यंत ओढून फिदीफिदी हसत होती. मी टोपी वर केली आणि आई गं! ते पोर आमचं नव्हतंच. तिथल्या टाक्या धुणाऱ्या बाईची मुलगी होती ती. आमच्या सितुमीनं एका शिंपल्याच्या बदल्यात स्वतःची टोपी तिला देऊन टाकली होती. बसमध्ये बिस्किटं वाटताहेत हे पाहून टोपीवाली बाईसाहेब ऐटीत चढून बसली. आणि सितुमी मागेच राहिली.

मी कशी उतरले, कशी पळाले, मला आठवत नाही. एक चप्पल बसच्या पायरीवरच राहिली. पुढे समुद्र होता आई, टाक्यांपासून पन्नास पावलांवर. तेवढ्या पळण्यात मी काय काय पाहून घेतलं ते लिहीत नाही. सितुमी सगळ्यात शेवटच्या टाकीशी उकिडवी बसली होती. शिंपला मुठीत धरून एका पिल्लाला काहीतरी रागावत होती. गाडी सुटतेय, आपण राहतोय, याची तिला गंधवार्ता नव्हती. मला पाहून तिनं फक्त हू केलं, गप्प बस अशा अर्थानं. मी तिला उचललं आणि तिथेच वाळूत फतकल मारून भोकाड पसरलं. नंदा मिस धावत आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच, पण रडू निराळंच होतं.

तुला ते लोणार आठवत असेलच. मी नऊ वर्षांची होते, तुझ्या शाळेची सहल होती, जानेवारीतली थंडी होती. पोरं अडतीस. मी त्यांत नव्हते. यादीत तुझं नाव नाही, तर तुले सीट नाही, असं बजावून तू मला ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बोनेटवर बसवायचीस. सरोवर पाहून निघताना दिवेलागण झाली होती. तू मागून पुढे येत एकेका डोक्यावर हात ठेवून मोजलंस. दोनदा मोजलंस. मेहकरला पोचल्यावर कुणीतरी विचारलं, पुष्पांजली कुठाय? गाडी उलटी फिरली, तेव्हा तुझे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले. पोर सापडली, सरोवराकाठी पेरू विकणाऱ्या देवमाणूस मनकर्णाबाईच्या टोपल्यांमागे, तिच्या लुगड्याच्या पदरात, पेरू खात. तिला काही झालं नव्हतं. जे काही झालं ते तुला झालं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, इंद्रभानकाका, शाळेत येऊन सगळ्या गावासमोर म्हणाले, बाई आमच्या पोराईले गणित शिकवते, अन् तिले सोताले लेकरं मोजता येत नाही! तुला नोटीस आली. तू प्रत्येकाला सांगत राहिलीस, दोनदा मोजले, अडतीस भरले होते. कुणी खरं मानलं नाही. बाबासुद्धा म्हणाले, थकली असशील. मग हळूहळू तूही मानेनाशी झालीस. तेव्हापासून तू कुलूप ओढून पाहतेस, कोपऱ्यापर्यंत जातेस आणि परत येऊन पुन्हा ओढतेस. कुकरच्या शिट्ट्या मला मोजायला लावतेस. चौदा वर्षांत एकाही सहलीला गेली नाहीस. ज्या बाईला जळगाव जामोदच्या बाजारात हिशेबात कुणी फसवू शकत नव्हतं, ती आता सुटे पैसे न मोजताच पर्समध्ये टाकते. आणि मी हे सगळं बघत मोठी झाले.

आता लिहिते, नाहीतर पुन्हा राहील. त्या संध्याकाळी मी बोनेटवर नव्हते आई. मला त्या बोनेटचा वैताग आला होता. सगळ्या पोरी मागे गाणी म्हणायच्या आणि मी बाईंची पोर म्हणून एकटी पुढे. मी माझं दप्तर बोनेटवर ठेवलं, त्यावर तुझी शाल नीट पांघरली, जसं काही मीच निजलेय. आणि मागे जाऊन पोरींच्या मधे, कानाला स्कार्फ बांधून, मान खाली घालून बसले. तू आलीस. माझ्या डोक्यावर हात ठेवलास, आकडा म्हटलास आणि पुढे गेलीस. पुन्हा आलीस, पुन्हा ठेवलास. ओळखशील म्हणून मी श्वास धरला होता. पुष्पांजली राहिलीय हे मला खरंच माहीत नव्हतं. मेहकरला गोंधळ झाला तेव्हा मी गुपचूप पुढे जाऊन शालीखाली शिरले. मग तू रडत होतीस म्हणून सांगितलं नाही, नंतर मार बसेल म्हणून, आणि नंतर इतकी वर्षं झाली म्हणून. पुष्पांजलीला वरवट बकालला तिच्या सासरी जाऊन मी स्वतः सांगणार आहे, इंद्रभानकाकांनाही. पण पहिला हक्क तुझा. आल्यावर मार, बोलू नकोस, जे करायचं ते कर, मला चालेल. हरिओम सरांना मात्र सोमवारी हो म्हण. तुझी मोजणी कधीच चुकली नव्हती. तू अडतीस डोकी मोजलीस आणि ती अडतीसच होती. त्यातलं एक माझं होतं.

रागावलीस तरी तुझीच,
सुची