धुतलेल्या चकत्या

२ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहिते. अक्षराला हसायचं नाही.

तुझ्या बापाला जाऊन दोन महिने झाले. त्याचं कामाचं टेबल काल एकदाचं आवरलं. तुझ्या शर्यतीच्या गाडीचं मागचं ते धूड, तुम्ही डिफरन्शियल म्हणता ते, खोललेलंच पडलं होतं. वर्तमानपत्रावर पोलादी चकत्या मांडलेल्या, तेलाने बरबटलेल्या. सगळ्या साबणाने घासल्या, पुसल्या, एका डब्यात भरल्या. काही वाटलं नाही. भांडी घासावीत तसं.

सगळं पेटीत घालून पाठवते आहे. जेवतेस का? खोटं लिहू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि. पेटी मिळाली. जेवते.

आजी, त्या चकत्या कागदावर डावीकडे-उजवीकडे वेगळ्या होत्या का? वळणावर मागचं एक चाक हलकं झालं की सगळा जोर त्याच चाकातून वाया जातो. दोन्ही चाकांनी मिळून ओढावं म्हणून बाबा आत घर्षणाच्या प्लेटा बसवत होते. चकत्या त्या धुडाच्या आत दोन बाजूंना लागतात. त्यांच्या जाडीत केसाएवढा फरक पडला तरी आतल्या चक्रांच्या दातात दात नीट बसत नाही. माप जुळलंय, आता नुसतं बंद करायचं राहिलंय, असं बाबा शेवटच्या फोनवर म्हणाले होते.

शर्यत पंचवीसला आहे. मला त्यांच्याच मापावर गाडी पळवायची आहे. आठवून लिही. राग नाही.

तुझ्या मायेतली,
टिल्ली

१३ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. होय, वेगळ्या होत्या. एकीकडे चार, दुसरीकडे तीन की पाच, देव जाणे. कागदावर पेन्सिलीने आकडेही होते. तो कागद मी खिडकीची काच पुसायला घेतला. काच लख्ख झाली.

पोराने केलेलं शेवटचं काम मी पुसून टाकलं. माफी मागत नाही, मागून चकत्या जागेवर जाणार नाहीत. तुझं तू माप काढ. येत नसेल तर तुझ्या वर्कशॉपातल्या मिस्त्रीला विचार. बापासारखा ताठा नको.

रागावलीस तरी माया ठेव.
तुझी आजी

२७ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि. अकरा वेळा जोडलं, दहा वेळा खोललं. दातांना रंग लावायचा आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. अकराव्यांदा तो मध्यावर आला, निदान मला तसा वाटला.

नऊ जणांत सातवी आले. मागची चाकं छान ओढत होती. उतारावर मात्र मागून बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. बाबांच्या मापाला आला नसता. शेवटी सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी हातमोजे काढत होते. काहीच वाटलं नाही. आजी, हे असंच राहतं का?

तुझ्या मायेतली,
टिल्ली

३१ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. सातवी म्हणजे मागून तिसरी, तेवढं मला मोजता येतं.

असंच राहतं का, मला ठाऊक नाही. मला अजून एकदाही रडू आलेलं नाही. शेजारीण रोज डोकावून बघते आणि हिरमुसून परत जाते.

आवाज येतो तर पुन्हा खोल. कण्हणारी गाडी तुझ्या बापाने फाटकाबाहेर जाऊ दिली नसती. अकरा झाले, आता बारावं. आणि आपल्या दोघींत जिला आधी रडू येईल, तिने दुसरीला कळवायचं.

घाई नाही.
तुझी आजी