फणसोंडीच्या वाटेवरचे आकडे

२ नोव्हें. २००३, रवि.
आज रोजी, पूर्ण शुद्धीत असताना व कोणाच्याही दबावाखाली नसताना नमूद करतो की, माझ्या नव्या सायकलीला स्टँड नाही. गिअर एकवीस. टायर म्हशीच्या मानेएवढे जाड. पण स्टँड नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने ती भिंतीला टेकवावी, भिंत नसेल तर झाडाला, झाड नसेल तर स्वतःला. दुकानदाराकडे तक्रार केली.
"सर, डोंगरातली सायकल हाय ही. डोंगरात टेकवायला काय कमी हाय व्हय?"
 
सौ. म्हणाली, परत द्या. दिली नाही. संक्रांतीला कोल्हापूरचे पंचवीस जण गारगोटीच्या पुढे डोंगरात सायकली घेऊन जाणार आहेत. डांबर नाही, नुसता मुरूम. वाट ठरवायचं काम माझ्यावर आणि जाधवांवर.
हे जाधव (यापुढे ज.) निवृत्त ओव्हरसियर. तीस वर्षं धरणं बांधली. मनुष्य कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याचा मला पहिल्यापासून संशय.

९ नोव्हें., रवि.
सायकली टेम्पोत घालून गारगोटी. तिथून पुढे पेडल. पहिली खिंड उतरलो आणि खोरं उघडलं. भाताची कापणी चाललेली. ओढ्याकाठी वीरगळ, ओळीने सात, अर्धे मातीत. लढून मेलेल्यांच्या मांडीवर आता म्हशी अंग घासतात. खोऱ्याच्या टोकाला फणसोंडी, तीस-पस्तीस उंबरे.
पहिल्याच घरात धोंडिबा. सत्तरीचा, आवाज मोर्चात शोभणारा.
"काय पावणं, कुठनं आलासा?"
"कोल्हापूरहून. फिरायला."
"फिरायला? सायकलवर? पोटाला काय करता मग?"
पेपरात लिहितो म्हणालो. त्याने सहानुभूतीने चहा पाजला. पुतण्या संभाचं लग्न ठरलंय, मुलगी बिद्रीकडची. संभा एकतीसचा. डोंगरात मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही, चार वर्षं हुडकत होते. पुढच्या आठवड्यात सोयरे याद्या करायला येणार. सांगताना म्हाताऱ्याचं तोंड लाडवासारखं झालं.
ज.चं मात्र लक्ष दुसरीकडे. झरा कुठला, उन्हाळ्यात टिकतो का, पाणी कुठवर चढतं. सगळं वहीत. सायकलवर हिंडणाऱ्याला वही कशाला? धोंडिबानेही वहीकडे दोनदा बघितलं.

११ नोव्हें., मंगळ.
विचार केला. निवृत्त ओव्हरसियर + वही + पाणी + स्वस्त जमीन = दलाल. पुण्या-मुंबईच्या कुणासाठी फार्महाऊसची जागा बघतोय. सौ. म्हणाली, "तुम्हाला दूधवाल्यातसुद्धा दलाल दिसतो." दूधवाल्याचं मी अजून सिद्ध केलेलं नाही, एवढंच.

१६ नोव्हें., रवि.
वाट आखून आलो. ज.चा गुडघा धरला, तो खिंडीतून मागे गेला. (गुडघा? की कुणाला भेटायचं होतं?) पुढचं सगळं मी एकट्याने केलं. दर किलोमीटरला एका दगडावर चुन्याने गोल, आत आकडा, बाजूला बाण. एक ते तेवीस. ज.नेच शिकवलं होतं, चुन्यात डिंक घातला की पावसाला दाद देत नाही. वस्तीत चिटपाखरू नव्हतं, सगळे शेतावर. सात नंबर वीरगळापाशी. वीरगळावर नाही, शेजारच्या दगडावर. तेवढी अक्कल आहे.
अक्षर चांगलं आलं. लांबून वाचता येतं.

२३ नोव्हें., रवि.
एकटाच गेलो. फणसोंडीच्या तोंडाशी वाटेवर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या. सायकल उचलून पलीकडे टाकली, पोटरी फाडून घेतली. चहा नाही. धोंडिबा दारात, पण बसा म्हणाला नाही. संभाची आई आतूनच ओरडली, "त्यास्नी म्हणावं, मोजून झालं नव्हं? आता कशाला आलासा?"
धोंडिबाकडून तुकड्यातुकड्यात कळलं ते असं. धरणाचा सर्वे झाला म्हणे. पलीकडच्या खोऱ्यात झाला तसाच, आणि तिथलं गाव दोन वर्षांत उठलं. सोयरे याद्या करायला आले ते गावात पोचलेच नाहीत, वीरगळापासूनच मागे फिरले. बुडीत गावात कोण लेक देतंय?
"चार वर्सं हुडकत हुतो वो सायेब," एवढंच म्हणाला. साहेब कधीपासून झालो?
सर्वे! म्हणजे फार्महाऊस नाही, धरण; पण माणूस मी म्हणत होतो तोच. वही, झरे, खिंडीतलं गुडघ्याचं नाटक. रक्त तापलं.

२६ नोव्हें., बुध.
शनिवारचं सदर लिहून दिलं. 'एका निवृत्त ओव्हरसियरचे झरे'. नाव घातलं नाही, पण गुडघा घातला. शेवटी: 'या खोऱ्यात कोणीतरी मोजमाप करतो आहे, जनतेने सावध असावे.' संपादक खूश. मीही.

३० नोव्हें., रवि.
लिहवत नाही, पण लिहितो.
धोंडिबाला म्हणालो, सर्वेची खूण तरी दाखवा, पेपरात फोटो छापतो. तो वीरगळापर्यंत चालत घेऊन गेला आणि बोट दाखवलं. सात. माझा सात. शेपटी वळवलेला, शाळेत मार खाऊन घटवलेला.
बराच वेळ बुटाची नाडी बांधली. मग म्हणालो, "हा मी काढलाय."
"तुमी? कशापायी?"
"सायकलवाल्यांची वाट चुकू नये म्हणून."
म्हातारा खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. "आवो, वाट तर एकच हाय की! दुसरी हाय कुठं चुकायला?"
आजवर माझ्यावर झालेली सगळ्यात नेमकी टीका. त्याचा विश्वास मात्र बसला नाही. पाटबंधारे खात्यानेच मला असं बोलायला पाठवलंय, असा त्याचा अंदाज.

७ डिसें., रवि.
तारेचा ब्रश घेऊन आकडे पुसायला निघालो. गारगोटीच्या चौकात ज. सायकल घेऊन उभा. मी निरोप दिला नव्हता. सदर वाचलं का? विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही. वाचलं असणार. वाचलं नसतं तर काहीतरी बोलला असता.
ब्रशने चुना हलेना. डिंक. ज.ने पिशवीतून चिंच काढली, ओढ्याच्या पाण्यात कोळली. "चिंचेनं जातो." गेला. तेवीस दगड, दोघांनी मिळून. त्याचा गुडघा खरंच दुखत होता, बसताना तोंडावर दिसत होतं.
दुपारी भाकरी खाताना त्याने वही माझ्यापुढे टाकली. पिण्याच्या पाण्याच्या जागा. कुठला झरा बारमाही, कुठला होळीला आटतो. "तीस वर्षं बुडवायचं पाणी मोजलं. आता प्यायचं मोजतोय."
उत्तर इतकं चांगलं की पुन्हा संशय आला. दाबला.
चौदा नंबरपाशी मोटरसायकलवरून जाणारा एक जण थांबला, बघत राहिला. "पुसायला लावलंय जणू सायेबानं," असं स्वतःशीच म्हणाला आणि बिद्रीच्या दिशेने सुसाट. हे बरं झालं नाही.

११ डिसें., गुरु.
आम्हाला आकडे पुसताना बघून धोंडिबाला एकदाचं पटलं. त्याला घेऊन एसटीने मुलीच्या घरी. वडील दत्तोबा, उसाची शेती, आवाज हळू. हळू बोलणारे जास्त अवघड. गूळ-पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सायकली, संक्रांत, सात.
"मग पुसलंसा कशाला?"
"गैरसमज नको म्हणून."
"खोटं आसतं तर ऱ्हाऊ दिलं आसतं की."
धोंडिबा मध्ये पडला, "आवो पावणं, शाणा माणूस न्हाय ह्यो, पर खोटा न्हाय." आभारी आहे.
दत्तोबा उठला, देव्हाऱ्यामागून घडी केलेला कागद काढला. माझं सदर. 'कोणीतरी मोजमाप करतो आहे' याखाली पेनाने रेघ.
"हे छापून आल्यालं खोटं म्हंता?"
"मीच लिहिलंय हे."
"मग तर खरंच की."
मुलगी दाराआडून धोंडिबाकडे बघत होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. पंचवीस वर्षं लिहितोय. माझं लिहिणं कोणी इतकं जपून ठेवलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

१३ डिसें., शनि.
सदरात सगळं कबूल केलं. आकडे माझे, ओव्हरसियर निर्दोष, खोऱ्यात कसलंही मोजमाप नाही. विनोद एकही नाही. संपादक म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

१८ डिसें., गुरु.
धोंडिबाचा फोन, गारगोटीच्या बूथवरून, ओरडूनच. दत्तोबाने खुलासा वाचला. त्याचं म्हणणं, आधी खरं छापलं, मग कुणीतरी दाबलं.
"आता?"
"त्यो म्हंतोय, धरणातलाच माणूस वीरगळापाशी हुबा ऱ्हाऊन सांगू दे, पाणी येत न्हाय म्हणून. तुमचा त्यो वहीवाला. आयतवारी येतोय म्हंतोय. पोरगीबी येतीया संगं."
म्हणजे सगळं ज.वर. ज्याला मी पेपरात उभा करून धुतला, त्याच्यावर.

१९ डिसें., शुक्र.
खुलासा छापून आल्यापासून ज. भेटला नव्हता. मंडईत जाऊन एक किलो चिंच घेतली. नवी, चिंचोके काढलेली. त्याच्या दारात गेलो. तो बाहेर आला. सदराची माफी घरून तोंडपाठ करून निघालेलो. तोंडातून निघालं ते असं: "चिंच. तुमची तेव्हा माझ्यासाठी संपली."
त्याने पिशवी हातात तोलली. "मी दीड किलो आणली होती."
"हो का."
"हो."
मग आयतवारचं सांगितलं. वीरगळ, दत्तोबा, मुलगी, किती वाजता. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.  पिशवी घेऊन आत गेला, दार उघडंच.
मी सायकल त्याच्या भिंतीला टेकवली आणि अर्धा किलो आणायला चालत मंडईत गेलो.