सोळा माळांवर अडकलेला नट

४ सप्टेंबर
पेटंट कार्यालयाचा अहवाल आला. अर्जात शोध म्हणावा असं काही नाही म्हणतात. उत्तर द्यायला तीस ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे, पण यांचा चेहरा पाहिला आणि समजायचं ते समजले.

मी भाजी निवडत होते तिथेच हे येऊन बसले आणि मला समजावत राहिले, जणू परीक्षक मीच. लांब दांडा, त्याला आटे. त्यावर नट. दोघांच्या मधल्या खोबणीत छर्रे. छर्रे लोळतात म्हणून नट न घासता मागेपुढे सरकतो. टोकाला पोचलेले छर्रे परत सुरुवातीला आणावे लागतात — सगळी गोम त्या परतीच्या वाटेत. अहवालात दोन जुने शोध दाखवलेत. एकात मोठ्या छर्ऱ्यांच्या मध्ये एकेक बारीक छर्रा, म्हणजे मोठे एकमेकांना घासत नाहीत. दुसऱ्यात परतीची वाट नटाच्या पोटातच. दोन्ही एकत्र केले की झाला तुमचा नट, कुठल्याही कारागिराला हे सुचलं असतं — असं परीक्षक म्हणतात.

"एकत्र करून पाहा म्हणावं," हे म्हणाले. "अडकतो."

नोकरी सोडून अकरा वर्षं झाली. एका कारखानदाराला नट दाखवला, तो म्हणतो, पेटंटचा कागद आणा, मग बोलू. कागद आला नाही तर तो बोलणारही नाही, नुसता बनवत सुटेल. नमुना त्याने पाहिलेलाच आहे.

६ सप्टेंबर
पेटंटच्या वकिलांकडे गेलो, दोघं. वकील सरळ माणूस. म्हणाले, "अडकतो हे तुम्ही म्हणता. किती चालून अडकला? कधी? अर्जाच्या आधीचं, तारखेनिशी लिहिलेलं काही आहे?"

हे म्हणाले, "नाही. मला लिहायचा कंटाळा."

मी पिशवीचे बंद ओढत बसले. लिहिलेलं आहे. इथे आहे, हिशेबाच्या वहीच्या मागच्या बाजूने. वेगळी वही घ्यायला नको, आणि हिशेबाची वही कोण उघडतंय! हे फेऱ्या मोजायला मीटर आणायला निघाले होते, तेव्हा मीच म्हटलं, मीटर कशाला, मी जपाला बसतेच, ती नट चालवायच्या मशीनपाशी बसते. नटाची एक फेरी, एक मणी. एकशे आठ झाले की एक माळ. उठले की इथे लिहायचं. तीन वर्षांचं आहे.

पण त्याच पानांवर बाकीचंही आहे. यांना काय काय म्हटलंय मी! देवाजवळ तोंडाने मागायची लाज वाटते ते सगळं मी इथेच मागते. ती वही वकिलांच्या टेबलावर ठेवू?

वहीचं नाव काढलं नाही.

९ सप्टेंबर
वकिलांनी निदान नव्याने चाचणी घ्या म्हटलंय. हे आता दोन्ही जुने शोध एकत्र करून मुद्दाम अडकणारा नट बनवताहेत. चांगला असताना वाईट करत बसायचं.

१५ सप्टेंबर
धाकट्या वन्सं आल्या होत्या. मी मशीनपाशी माळ घेऊन बसलेली पाहून म्हणाल्या, "वहिनी, देवाचं नाव घेताय की नटाचं?" मी म्हटलं, दोघांचं. तर म्हणतात, "देव वैतागला असेल. ही बाई बोलावते काय, आणि मशीन थांबलं की उठून जाते काय."

हसले खरी. जाताना म्हणाल्या, "दादाला नोकरी करायला सांगा आता. हात चालताहेत तोवर." हे आतच होते. ऐकलं असणार.

स्टुलावर बसून कंबर मोडून गेली. देवा, पाठ टेकायला काहीतरी दे.

१७ सप्टेंबर
पाठीची खुर्ची आली! पलीकडच्या ऑफिसाने टाकायला काढली होती म्हणे, हे उचलून घेऊन आले. देवाचे उपकार.

२४ सप्टेंबर
माळेला ग्रीसचा वास येतो. हे त्याच हातांनी वस्तू देतात, मी त्याच हातांनी मणी ओढते. देवासमोर बसायला संकोच वाटतो.

२५ सप्टेंबर
खुर्चीशेजारी खिळा ठोकलेला, त्यावर धुतलेलं फडकं. हात पुसायला. याला म्हणतात बुद्धी देणं.

२ ऑक्टोबर
अडकणारा नट तयार झाला. चौदा माळा आणि बावीस मणी, आणि थांबला. छर्रे दाबून बसले. हे म्हणाले, "मागच्या मार्चला असलाच केला होता तो सोळांवर अडकला होता." माझ्या लक्षातही नव्हतं. मागची पानं चाळली तर खरंच सोळा. डोकं आहे, ते कोण नाही म्हणतंय.

५ ऑक्टोबर
आजही जपाला बसले ती चार तास. यांनी पाण्याचा पेलाही पुढे केला नाही. दमलीस का एवढं एकदा विचारलं असतं तर काय झिजले असते?

६ ऑक्टोबर
"दमलीस का?" म्हणाले. मी नाही म्हटलं.

११ ऑक्टोबर
पुन्हा चाचणी, पुन्हा अडकला. अडकायलाच केलेला, तरी अडकला की यांचं तोंड उतरतं. नट उघडून छर्रे धुवायला घेतले — माझ्या चहाच्या गाळणीत! एक बारीक छर्रा निसटला. "हलू नकोस!" असे ओरडले, जसा काही मीच सांडला. दोघं जमिनीवर ओणवे, मी कपाटाखाली हात घालते आहे, हे बॅटरी धरताहेत. साठीला आलो आम्ही.

छर्रा सापडला. मी गाळणी घासत राहिले, ग्रीस जाईना. रडू आलं.

देवा, हा अर्ज एकदाचा नाकारला जाऊ दे. हे नोकरी धरतील, मी माझ्या कोपऱ्यात बसून तुझं नाव घेईन. मला आता होत नाही.

१४ ऑक्टोबर
देव ऐकतो. हे एका छापखान्यात मशीन दुरुस्तीला लागले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "सोमवारपासून." मशीनवर जुनी चादर टाकली. नवी चहाची गाळणी आणली आहे.

१९ ऑक्टोबर
घर शांत आहे. कोपऱ्यात बसले. पाचच मण्यांवर बोटं थांबली. पुढचा ओढायला कुणी सांगत नाही असं वाटतं.

२० ऑक्टोबर
चादर काढली. बटण कुठलं ते मला माहीत आहे. आपला नट दांड्यावर चढवलेलाच होता. त्याच्या परतीच्या वाटेच्या तोंडाशी चमच्याच्या ओठासारखा बारीक उतार आहे, तिथे छर्रा तिरपा होत नाही. एवढाच फरक. एवढ्यासाठीच अकरा वर्षं.

चाळीस माळा. हे यायच्या आधी चादर घातली.

२४ ऑक्टोबर
पाच दिवसांत दोनशे माळा. आवाज पहिल्या मण्याला होता तसाच. तो चौदा, हा दोनशे! हे कुणालाही सुचलं असतं?

आणि मी काय मागून बसले.

२७ ऑक्टोबर
वही घेऊन एकटीच वकिलांकडे गेले. मनात म्हटलं, वाचू देत. लाज आपली, काम यांचं.

वकिलांनी एकेक पान उलटलं. अर्जाच्या आधीच्या चाचण्या, तारखा, माळा, मणी. चष्मा काढून म्हणाले, "ताई, हे आधी का नाही आणलंत? यावर उत्तर देता येईल. परीक्षक मानतील असं नाही, पण देता येईल." मग म्हणाले, "पण साहेबांनीच नको सांगितलंय. उत्तर देऊ नका, जाऊ दे अर्ज, म्हणाले. त्यांच्या सहीशिवाय मला काही करता येत नाही."

कधी म्हणाले, विचारलं. त्यांनी डायरी पाहिली.

"बारा तारखेला. सकाळीच आले होते."

अकराला रात्री मी इथे लिहिलं. बाराला सकाळी.

बसमध्ये वही उघडली. पंधराला पाठ, सतराला खुर्ची. चोवीसला वास, पंचवीसला फडकं. पाचला लिहिलं, सहाला "दमलीस का." आणि त्या सोळा माळा, ज्या मलाच आठवत नव्हत्या.

घरी येऊन दिवा लावला. देवाकडे बघवेना. यांच्याकडेही.

२८ ऑक्टोबर
अहो, वकील म्हणाले वहीत काही खोडू नका, खोडलेलं पान पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे अकरा तारखेचं आहे तसंच राहणार, परीक्षकही वाचतील. त्याच्या खाली जागा नव्हती म्हणून इथे लिहिते. मुदतीला दोन दिवस आहेत. उद्या छापखान्यात जायच्या आधी वकिलांकडे सही करून या.

छर्रे धुवायला जुनी गाळणी घ्या. चहाला नवी आहे.