शेंडूच्या वाट्याचे अर्धे घर

मी, पेशाने धर्मगुरू, वय सत्तरीच्या पुढे, जगासाठी फादर आणि एकेकाळी या घरातले शेंडेफळ म्हणून 'शेंडू', हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. ती बदलून घेण्यासाठी मला येत्या आठवड्यात इस्पितळात दाखल व्हायचे आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट "फादर, आत्ताच कशाला असलं अभद्र?" म्हणून हात धरणारेच पुष्कळ भेटले. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

धर्मगुरूकडे द्यायला असते तरी काय, असे वाचणाऱ्याला वाटेल. मठातल्या संन्याशांसारखे आम्हा धर्मप्रांतीय धर्मगुरूंना गरिबीचे व्रत नसते. नावावर काही असले तरी चालते. माझ्या नावावर अर्धे घर आहे. हा सगळा खटाटोप त्या अर्ध्या घरासाठी आहे. बाकीचे आधी उरकून घेतो.

कलम १. देहाविषयी. चर्चच्या मागे धर्मगुरूंच्या ओळीत माझी जागा राखून ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. ती दुसऱ्या कोणाला द्यावी. मला आईच्या शेजारी पुरावे. जन्मभर धर्मगुरूंच्याच पंगतीला बसलो. आता घरच्यांत बसतो. प्रवचन लहान असावे. तरुण फादरांना हे जड जाईल, पण मी उठून दुरुस्त करायला येणार नाही, एवढी सवलत त्यांनी लक्षात घ्यावी. गायनवृंदाच्या बाईंना विनंती, की गीत वरच्या पट्टीत धरू नये. दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचे गळे बसतात, आणि मग लोकांना वाटते, सगळे माझ्यासाठी रडत आहेत.

कलम २. किरकोळ वस्तूंविषयी. ग्रंथ धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीला द्यावेत. छाटणीची कात्री थडगी खणणाऱ्या आमच्या मित्राला. कुंपणाची मेंदी त्याच्याशिवाय कोणालाच नीट कापता येत नाही. मनगटी घड्याळ चर्चच्या सेवकाला. मी या चर्चच्या धर्मग्रामात आल्यापासून त्याने घंटा एकदाही वेळेवर वाजवलेली नाही, नेहमी आधीच. घड्याळ त्याने नुसते बांधू नये, बघावेसुद्धा.

बुद्धिबळाचा पट माझ्या मित्राला, चष्म्याच्या दुकानवाल्याला. डाव अर्धा आहे, चाल त्याची आहे, आणि वजीर वाचत नाही. हे ऐकून तो म्हणाला, "मला पट नको फादर, मला साक्षीदार म्हणून सही करू द्या." या कागदाचे काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी त्याला समजावले, की ज्याला काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते. तो फुरंगटून बसला आहे. निधर्मी माणूस, देवावरून माझ्याशी कडाकडा भांडतो, पण मी आजारी पडलो की सूप घेऊन पहिला हजर. देवाने त्याला वर घेतले नाही, तर मी तिथे तक्रार करीन.

कलम ३. घराविषयी, म्हणजे ताईविषयी.

आई गेली तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो. बाबा खिडक्यांना काचा बसवायचे, दिवसभर बाहेर. दादा आपले आपण जेवून शाळेत जाण्याएवढा होता. मी नव्हतो. सर्वांत मोठी ताई. तिचे लग्न ठरले होते. ते आधी पुढे ढकलले, मग मुलाकडच्यांनी वाट पाहणे सोडून दिले. तिने पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडले, मला शेजारी चटईवर बसवले, आणि पायाने यंत्र व तोंडाने माझे पाढे, असा संसार चालवला.

ऋतू मी त्या खोलीत शिकलो. ताईच्या मांडीवर लोकरीचे जाड कापड आले की थंडी आली. पातळ सुती आले की उन्हाळा. पुढे ऋतू मला वेदीवरच्या कापडाने सांगितले: जांभळे म्हणजे उपवासकाळ, पांढरे म्हणजे सण, आणि मग वर्षातला तो लांबच लांब हिरवा काळ, ज्यात विशेष काहीच घडत नाही. पण वेदीवर कोणतेही कापड चढले, की माझ्या मनात यायचे, आत्ता ताईच्या यंत्राखाली कोणते असेल?

सेमिनरीत जाणार असे मी सांगितले, तेव्हा ती काजे करत होती. सुई थांबली नाही.

"देवाकडे माणसं कमी पडली का?"

"त्यानं बोलावलंय, ताई."

"मीही बोलावतेय. त्याला विचार, तुझ्यावाचून त्याचं भागेल का. माझं नाही भागायचं."

मी गेलो. त्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि मरणाच्या कागदावर उगाच नम्रपणा कशाला दाखवू? मी आनंदाने धर्मगुरू झालो आणि आनंदातच राहिलो. प्रभूने मला पुष्कळ दिले. लोकांनी आपली बाळे माझ्या हातात दिली, आपली मरणे माझ्यासमोर मरून घेतली. फक्त संध्याकाळी दार लावून एकटा जेवायला बसलो, की यंत्राचा आवाज ऐकू यावासा वाटे.

गुरुदीक्षेच्या दिवशी ताई चर्चच्या दारापर्यंत आली, आत आली नाही. त्यानंतर तिने मला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. भांडली नाही, अबोला धरला नाही, फोन केला तर उचलायची आणि "तुम्ही बरे आहात ना?" विचारायची. जिने माझे नाक पुसले, तिच्या तोंडचा तो 'तुम्ही' मला कोणत्याही शिवीपेक्षा लागायचा. पुतणीचे लग्न मी लावले, तेव्हा ताई शेवटच्या बाकावर होती. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत सगळे उठले, ती उठली नाही. माझ्या हातून तिने तो कधीच घेतला नाही. रोजच्या मिस्सेत, म्हणजे वेदीवरच्या उपासनेत, जिवंतांची आठवण करायची एक जागा असते. तिथे मी क्षणभर थांबायचो. लोकांना वाटे, फादर शब्द विसरले.

बाबांनी घर दोन मुलांच्या नावे अर्धे अर्धे केले. जिने ते चालवले, तिच्या नावे काही नाही. त्या काळी असेच करत, आणि ते तेव्हाही चुकीचे होते.

मग ताईला विसर पडू लागला. आधी यंत्राचे बॉबिन कुठे ठेवले ते, मग वार, मग शेजारीण. मी बिशपांकडे निवृत्ती मागितली आणि या घरी राहायला आलो. दादाला हे पटले नाही. घर विकावे आणि ताईला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवावे, असे त्याचे म्हणणे होते.

"तिला कळतच नाही रे, ती कुठे आहे ते," तो म्हणाला.

"माणसं कळत नाहीत. घर कळतं. भिंतीला हात लावत लावत बरोबर न्हाणीघरात जाते."

"आणि तुला काही झालं, मग?"

एका रविवारी दुपारी तो शेवटचे बोलायला म्हणून आला. ताईने दार उघडले, त्याचे पांढरे केस पाहिले आणि हळूच म्हणाली, "बाबा, बूट वाजवू नका. शेंडू आत्ताच झोपलाय." दादाने बूट काढून हातात घेतले. तिने त्याला ताट वाढले, तो मुकाट्याने जेवला, ती समोर बसून त्याला पाणी देत राहिली. जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "राहू दे. ती आहे तोवर घराचं नाव काढणार नाही." त्याने तसे वकीलबाईंकडे लिहून दिले आहे. दादाबद्दल मी मनात पुष्कळ वाईटसाईट ठेवले होते. ते मी या कलमाने रद्द करतो.

म्हणून माझ्या वाट्याचे अर्धे घर मी ताईला देतो, तिच्या हयातीपुरते. तिच्या माघारी ते पुतणीचे. पुतणी शाळेत गणित शिकवते, नवऱ्यासह इथे राहायला यायला तयार आहे, आणि तिला खालील गोष्टी सांगून ठेवतो. फर्निचर हलवू नये. भिंतींना नवा रंग दिला तर तोच द्यावा. शिवणयंत्राची सुई काढली आहे, पण दोऱ्याचे रीळ वर लावलेले असू द्यावे. ताई रोज थोडा वेळ पाय मारते. तिने शेंडूची चौकशी केली तर तो मोठा झाला, गेला, मेला, यातले काही सांगू नये. "झोपलाय" म्हणावे.

कलम ४. हे कलम कोणाला काही देत नाही. वकीलबाई म्हणाल्या, मग ते कशाला? पण मला लिहायचे आहे.

ताई आता मला ओळखत नाही. घरात राहणारे कोणी भले फादर, एवढेच तिला कळते. रोज सकाळी माझ्या कोपराला धरून ती मिस्सेला येते आणि पहिल्या बाकावर बसते. पहिल्या दिवशी ती रांगेत उभी राहिली, माझ्यासमोर आली आणि तिने ओंजळ पुढे केली. मी "ख्रिस्ताचे शरीर" म्हणालो. ती "आमेन" म्हणाली. जन्मभर मागितले ते मला मिळाले, पण तिने ते शेंडूला दिले नाही. कोणा परक्या फादरला दिले. देवाशी मी यावरून भांडलो. आता मी भांडत नाही. ओंजळ तीच आहे.

काल परत येताना तिने विचारले, "फादर, तुम्हांला घरचं कोणी नाही का?"

"आहे ना. बहीण आहे."

"मोठी?"

"मोठी. तिनंच वाढवलं मला."

ती थांबली. माझ्याकडे चांगले रोखून पाहिले, रागाने.

"मग इथं काय करताय? घरी जा. वाट बघत असेल ती."

"जातो," मी म्हणालो, आणि तिच्यासाठी फाटक उघडले.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो माझाच आहे. खालील दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

साक्षीदार पहिले : डॉक्टर. यांनी माझी बुद्धी शाबूत असल्याचे तपासले. बुद्धिबळात हरल्यामुळे त्यांना त्याची खात्री आधीच होती.

साक्षीदार दुसऱ्या : गायनवृंदाच्या बाई. कलम १ मधली पट्टीची अट यांना मान्य नाही, पण सही केली आहे.

सही : मृत्युपत्र करणारा, ताईचा शेंडू

दिनांक : उपवासकाळ लागण्याआधीचा शेवटचा सोमवार. वेदीवर अजून हिरवे आहे.

ठिकाण : घर.