दोघांना वेगळी गावं

मंगळवार, संध्याकाळ. चौसाळ्याची खोली.

जनावरांच्या दवाखान्यात आठवडाभर भांडण नाही, कारण मीच माझ्या हाताखालच्या कदम आणि सोनवणेताईंना वेगळी गावं दिली. मेंढ्यांना लस टोचताना दोघांची धनगरासमोरच जुंपली होती. कदमांचा हात भराभर चालतो. ताई प्रत्येक मेंढीचा नंबर वहीत लिहिल्याशिवाय सुई उचलत नाहीत. दोघंही बरोबर. म्हातारा धनगर मलाच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुमी कावून गप बसल्या?"

कावून? दोघांपैकी एकाला तरी नकोशी होईन म्हणून. अजून तेच डोक्यात आहे.

आज कदमांकडून काही मेंढ्या टोचायच्याच राहिल्या, आणि ताईंचा अर्धा कळप वाट बघून रानात गेला. कदम आपणहून म्हणाले, "मॅडम, ताई असत्या तर एकबी सुटली नसती." ते गेल्यावर ताई आल्या. "कदम असते तर उरकलं असतं."

हे एकमेकांना का सांगत नाहीत? मीच त्यांना एकत्र यायला जागा ठेवली नाही.

दोघांना समोर बसवलं. "चूक माझी होती. उद्यापासून सोबत जा. ताई लिहितील. कदम, तुम्ही टोचा."

"अन् भांडण झालं तर?" कदमांनी विचारलं.

"होऊ द्या."

दोघं हसले. बोलत बोलत फाटकापर्यंत गेले. मी आत तिघांचा चहा टाकला होता. बाहेर येऊन पाहिलं तर गाड्या निघून गेल्या होत्या.